दोन फूट

अण्णा पहिल्यांदा माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावले तेव्हा स्क्रीनवर एक ट्रेलर गोल फिरत होता. मधोमध एक वर्तुळ, त्याभोवती रस्ता, चार बाजूंनी येऊन मिळणारे चार रस्ते आणि त्यातून कसाबसा वळणारा तो लांबलचक ट्रेलर. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "अगं, हा उलटा का फिरतोय?"

"अमेरिकेतला आहे, अण्णा. तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात."

"मग सर्कललाबी उलटं जायचं?"

"हो. घड्याळाच्या उलट्या दिशेनं."

अण्णांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलेला आहे. ते गप्प उभे राहिले, पण त्यांचा उजवा हात हवेतल्या हवेत थोडा वळला. मनातल्या मनात त्यांनी ती गाडी उलटी फिरवून बघितली असणार. मग म्हणाले, "म्हणजे आपल्याकडं सर्कलला उलटे घुसतात, तशी तिकडं सुलटी घुसत असतील."

मी हसले. तेव्हा मला ते नुसतं विनोदी वाटलं होतं.

*

मी सिव्हिल इंजिनिअर. पुण्यात बाणेरला एका डिझाइन ऑफिसात काम करते. क्लायंट अमेरिकेतले. आमचा संध्याकाळचा चहा होतो तेव्हा तिकडं सकाळ उजाडते आणि कॉल सुरू होतात. मी अमेरिकेला कधी गेलेले नाही. माझी अमेरिका म्हणजे स्ट्रीट व्ह्यूमधली. गेल्या वर्षी ज्या चौकाचं काम माझ्याकडं होतं तो मिडवेस्टमधल्या एका छोट्या गावाबाहेरचा होता. दोन रस्ते एकमेकांना छेदतात. तीन बाजूंना मक्याची शेतं, एका कोपऱ्यावर पेट्रोल पंप, थोडं पुढं शाळा. त्या पंपाच्या अलीकडच्या घरासमोर बास्केटबॉलचा खांब आहे. आमच्या सोसायटीतल्या शेजाऱ्यांची नावं मला माहीत नाहीत, पण त्या खांबाची जाळी एका बाजूनं फाटलेली आहे हे माहीत आहे.

मोठ्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे साधारण ७२ किलोमीटर. छोट्या रस्त्यावरच्यांनी थांबायचं, बघायचं आणि मग ओलांडायचं. अशा ठिकाणी माणसं ज्या अपघातात मरतात तो ठरलेला असतो: एक गाडी सरळ जात असते आणि दुसरी काटकोनात येऊन तिच्या दारावर आदळते. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी छेदतात किंवा भिडतात. तिथं एका लेनचा गोल बसवला की ३२ चे ८ होतात. काटकोनातली धडक उरतच नाही, कारण सगळे एकाच दिशेनं फिरत असतात. अमेरिकेच्या फेडरल हायवे खात्याच्या आकड्यांनुसार असा दोन बाजूंना थांबायची पाटी असलेला चौक काढून राउंडअबाउट केला, तर मृत्यू आणि इजांचे अपघात सुमारे ८२ टक्क्यांनी कमी होतात. सिग्नल काढून केला तर ७८ टक्क्यांनी.

गोल चौक ही कल्पना काही नवी नाही. न्यूयॉर्कचं कोलंबस सर्कल १९०५ चं. दोनच वर्षांनी पॅरिसमध्ये विजयकमानीभोवती गाड्या एका दिशेनं फिरायला लागल्या. पण जुन्या गोलांमध्ये बऱ्याच ठिकाणी बाहेरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायची पद्धत होती. त्यामुळं गोल भरला की आतल्याला बाहेर पडता यायचं नाही आणि बाहेरचा तर घुसतच राहायचा. १९६६ मध्ये ब्रिटननं नियम केला की आत फिरणाऱ्याचा हक्क पहिला, बाहेरच्यानं थांबायचं. एवढ्या एका वाक्यानं गोल मोकळा झाला. अमेरिकेत या नव्या पद्धतीचे राउंडअबाउट थेट १९९० मध्ये, नेवाडात आले. आता इंडियाना राज्यातल्या कार्मेल नावाच्या एकाच शहरात दीडशेच्या वर आहेत.

पण आत शिरताना थांबायचं असेल, तर थांबता येईल इतका वेग आधी कमी झालेला पाहिजे. माझं काम इथून सुरू होतं.

*

राउंडअबाउट काढताना दोन गाड्यांचा विचार करावा लागतो आणि त्या दोघींचं एकमेकींशी पटत नाही.

पहिली गाडी म्हणजे तो ट्रेलर. सत्तर फुटांहून लांब. तो वळतो तेव्हा पुढची चाकं एका वाटेनं जातात आणि मागची आतून कापतात. त्याला जागा लागते. सॉफ्टवेअरमध्ये त्याला रांगत्या वेगानं फिरवायचं आणि चाकं कुठं कर्बवर चढतात ते बघायचं. चढली की रस्ता रुंद करायचा.

दुसरी गाडी साधी कार. तिला जागा मिळाली की ती पळते. ट्रेलरसाठी केलेल्या ऐसपैस रस्त्यावरून कार सरळ सुटते आणि गोल हा नुसता रंगवलेला दागिना उरतो. म्हणून मधल्या बेटाभोवती दोन-चार इंच उंचीचा खडबडीत पट्टा करतात, त्याला ट्रक एप्रन म्हणतात. ट्रेलरची मागची चाकं त्याच्यावरून जाऊ शकतात. कारवाला दणका बसेल म्हणून टाळतो. दोघींचं भांडण या एप्रनवर मिटवायचं असतं.

कार किती पळेल हे काढायची रीत मला फार आवडते. तिला फास्टेस्ट पाथ म्हणतात. असं धरायचं की रस्त्यावर दुसरं कुणी नाही, लेनच्या रेघा नाहीत आणि ड्रायव्हर घाईत आहे. त्याला गोलातून कमीत कमी वळून, जास्तीत जास्त सरळ पार व्हायचंय. त्याची वाट गोलाच्या दीडशे-पावणेदोनशे फूट अलीकडून काढायला घ्यायची. तो आधी रस्त्याच्या मधल्या रेघेजवळून येईल, मग कडेच्या कर्बला जवळ जवळ घासून आत शिरेल, मग मधल्या बेटाला घासेल आणि पुन्हा कडेला घासून बाहेर पडेल. ही नागमोडी रेघ जितकी सरळ, तितका वेग जास्त. या रेघेवरच्या वळणांच्या पाच त्रिज्या मोजायच्या: आर-वन शिरतानाची, आर-टू फिरतानाची, आर-थ्री बाहेर पडतानाची, उरलेल्या दोन डाव्या-उजव्या वळणांच्या. त्रिज्येवरून सूत्रानं वेग निघतो. त्रिज्या ३० मीटर असेल तर वेग ३२-३३ किलोमीटर, ६० असेल तर ४२-४३, १०० असेल तर ५१-५२.

सॉफ्टवेअरला हे सगळं आधी सांगावं लागतं. एक खिडकी उघडते. गाडीची रुंदी: ६ फूट. कर्बपासून गाडीच्या अंगाचं अंतर: २ फूट. मधल्या रेघेपासून: २ फूट. म्हणजे गाडीचा मध्य कर्बपासून ५ फुटांवर. नुसती रंगवलेली कडेची रेघ असेल तर अंतर शून्य, कारण रंगाला कुणी भीत नाही. पुढं वेगाच्या मर्यादा: एका लेनच्या गोलात शिरताना २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. त्याच्या आत असेल तर रेघ हिरवी, वर गेली की लाल.

मला हे आवडायचं कारण असं की यात ड्रायव्हरच्या चांगुलपणावर काही सोडलेलं नाही. तो पाट्या वाचत नाही, रेघा पाळत नाही असं धरूनच चालायचं आणि तरी त्याच्या हातून कुणी मरू नये असा रस्ता काढायचा. आणि हा ड्रायव्हर कुणी राक्षस नसतो. रात्री साडेदहाचा कॉल संपवून मी स्कूटीवर घरी निघते तेव्हा वाटेतल्या छोट्या सर्कलला मी नेमकी हीच रेघ पकडते. डावीकडून, बेटाला घासून, पुन्हा डावीकडं. एकदा हे लक्षात आल्यावर मला स्वतःचीच आर-वन दिसायला लागली.

*

त्या शुक्रवारी रेघ लाल होती.

पश्चिमेकडून येणाऱ्या रस्त्यावर शिरतानाचा वेग २८ मैल येत होता. त्रिज्या २२८ फूट, ती १७० च्या आसपास आणायची होती. आठवडाभर मी झगडत होते. शिरतानाचं वळण घट्ट केलं की ट्रेलर कर्बवर चढायचा. गोल सरकवला की पंपाची जागा जायची आणि ती मिळणार नव्हती. गोल मोठा केला तर उत्तरेची रेघ लाल व्हायची. डिझाइनची तिसरी आवृत्ती शुक्रवारी संध्याकाळी सहाला जायची होती आणि मला साडेसातची गावाची एसटी पकडायची होती.

साडेचारला मी ती सेटिंगची खिडकी उघडली. नुसतं बघायला, असं मी स्वतःला सांगितलं. कर्बपासूनचं अंतर २ होतं. तिथं मी ४ टाकले. मधल्या रेघेपासूनही ४.

रेघ हिरवी झाली. २४.८ मैल.

काय झालं होतं ते सांगते. कडेपासून जास्त अंतर सोडलं की गाडीला वापरायला रुंदी कमी उरते. रुंदी कमी उरली की वळण घट्ट होतं आणि वेग उतरतो. गणित बरोबर होतं. रस्त्याचा एक इंचही हलला नव्हता. मी ड्रायव्हर बदलला होता. घाईतला माणूस काढून तिथं दोन्ही बाजूंना चार-चार फूट सोडून जाणारा सज्जन बसवला होता.

मनाशी बरीच कारणं जुळवली. तीन मैलांनी काय होतं? तशीही २५ ही शिफारस आहे, कायदा नाही. तिकडची माणसं आपल्यासारखी थोडीच चालवतात? हे शेवटचं कारण मला सगळ्यात पटलं होतं, हे लिहिताना लाज वाटते. फाइल पाठवली. रिपोर्टमधल्या गृहीतकांच्या तक्त्यात कर्बपासूनचं अंतर २ फूट असंच छापलेलं होतं, कारण तो तक्ता टेम्प्लेटमधून येतो. तो मी बदलला नाही. सव्वासातला स्वारगेटला पोचले.

*

आत्या आमच्याकडंच राहते. मागच्या दिवाळीच्या आधी तिला चौकात मोटरसायकलनं उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालते.

आमच्या तालुक्याच्या गावातला तो चौक मी लहानपणापासून बघतेय. मधे मोठा गोल होता, त्यात कोरडं कारंजं आणि लोखंडी कुंपणाला वाळत घातलेले कुणाकुणाचे टॉवेल. बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या, वडाप, सगळं तिथं तुंबायचं. लोक ओरडायला लागले. मग काही वर्षांपूर्वी गोल कापून पाव हिश्शावर आणला, चारी बाजूंनी रस्ता रुंद केला आणि गुळगुळीत डांबर ओतलं. तुंबणं कमी झालं. सगळे खूश झाले. मीही झाले होते.

आत्याला ज्यानं उडवलं तो मुलगा एकोणीस वर्षांचा. तोही पडला होता. खरचटलेल्या हातांनी त्यानंच तिला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. नंतर आईला घेऊन घरी आला, मोसंबीची पिशवी घेऊन. खाली मान घालून बसला होता. तो गेल्यावर सगळे त्याच्यावर तुटून पडले, पण अण्णा म्हणाले, "पोरगं वाईट न्हाय. रस्ता मोकळा दिसला, पळवली."

मला तेव्हा अण्णांचा राग आला होता.

त्या शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. काही ठरवलं नव्हतं. आमच्या चौकाचं उपग्रहाचं चित्र घेतलं, मापाला बसवलं, कडा आखल्या. सॉफ्टवेअरला सांगितलं, डावीकडून चालवायचं. मग फास्टेस्ट पाथ काढला. कार: ४१ किलोमीटर. वाईट होता, पण फार वाईट नव्हता.

मग लक्षात आलं, आत्याला कारनं उडवलं नव्हतं.

रुंदीच्या जागी ६ फूट होतं. मोटरसायकलची रुंदी मी अडीच फूट धरली. कडेचं अंतर एक फूट. रेघ जवळजवळ सरळ झाली. वेग ६०. हे सूत्र मोटारींसाठी बसवलेलं आहे, दुचाकीला ते तंतोतंत लागू होत नाही. पण रेघ बघायला सूत्र लागत नव्हतं. कारसाठी तिथं निदान नावाला तरी गोल होता. मोटरसायकलसाठी तो नव्हताच.

आपल्याकडं याचे नियम नाहीत असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ६५ ही पुस्तिका १९७६ ची, २०१७ मध्ये ती नव्यानं काढली. जुन्या पुस्तिकेतही शहरातल्या सर्कलसाठी वेग ताशी ३० किलोमीटर धरलाय आणि शिरतानाच्या वळणाची त्रिज्या १५ ते २५ मीटर सांगितलीय. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून कागदावर तीस होते.

अण्णा शेजारी येऊन बसले होते. मी विचारलं, "अण्णा, तुम्ही सर्कलला कडेपासून किती अंतर ठेवायचा?"

"दिवसा का रात्री?"

"दोन्ही सांगा."

"दिवसा जागा असंल तेवढं. रात्री मुक्कामाची गाडी असली, रस्ता मोकळा असला, तर…" त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. "तुझ्या कागदावर किती धरतात?"

"दोन फूट."

"दोन फूट म्हंजे बऱ्यापैकी शहाणा माणूस झाला."

मग मी त्यांना शुक्रवारचं सांगितलं. चार फूट टाकले ते. का सांगितलं माहीत नाही. त्यांना खिडकी, सेटिंग, आर-वन यातलं काही समजावून द्यावं लागलं नाही. ते म्हणाले, "असा ड्रायव्हर मला एक दाखव. बत्तीस वर्षांत मी न्हाय बघितला. मीबी तसा नव्हतो."

एवढंच. ओरडले नाहीत. उठून गोठ्याकडं गेले.

वेग १२ टक्क्यांनी वाढला की आदळण्यातली ऊर्जा २५ टक्क्यांनी वाढते. २५ आणि २८ यांचे वर्ग करून बघा. कॉलेजात हे मी शंभर वेळा केलंय. त्या रात्री मला तो बास्केटबॉलचा खांब सारखा दिसत होता. त्या घरातून शाळेकडं चालत जायचं तर पश्चिमेचाच रस्ता ओलांडावा लागतो.

*

सोमवारी टीम लीड मॅडमना सांगितलं. त्यांनी काही न बोलता माझी फाइल उघडली, सेटिंगची खिडकी उघडली, मग रिपोर्ट उघडला.

"रिपोर्टमध्ये दोनच छापलंय."

"हो. तो टेम्प्लेट आहे."

"म्हणजे कुणाला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता विचारतील, मग का सांगतेस. मी काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. त्यांनी ते विचारलं नाही. म्हणाल्या, "मेल मी ड्राफ्ट करते, तू पाठव. सुधारित आवृत्ती येईपर्यंत हे वापरू नका असं लिहू. आणि यापुढं गृहीतकांचा तक्ता हातानं भरायचा, सगळ्यांनी."

तिकडचे रिव्ह्यूअर वयस्कर आहेत. कॉलवर ते फार बोलत नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी आमच्याच नकाशाचं स्कॅन पाठवलं. त्यावर पेन्सिलीनं एक रेघ ओढलेली होती, हातानं, एकाच झोकात. फास्टेस्ट पाथ असा हातानं काढायची जुनी पद्धत अजूनही चालते, कारण गाडी कंपासनं आखलेल्या कमानीतून जात नाही, हाताच्या वळणासारखी सावकाश वळत जाते. त्या पेन्सिलीच्या रेघेवर त्यांनी २९ लिहिलं होतं. माझ्या खऱ्या २८ पेक्षाही एक जास्त. खाली फक्त, पश्चिमेचा रस्ता डावीकडं सरकवून बघा.

बघितलं. गोलाकडं येणारा रस्ता थोडा डावीकडं सरकवला की कारला आत शिरताना जास्त वळावं लागतं. त्याच्या आधी दोन सौम्य उलटसुलट वळणं घातली म्हणजे ७२ च्या वेगानं येणारा माणूस गोलापाशी पोचायच्या आतच सैल पडतो. दोन्ही दिशांच्या मधलं लांबट बेट आणखी लांबवलं. कोपऱ्यावरच्या शेताची चिंचोळी पट्टी घ्यावी लागली. ट्रेलर पुन्हा अडला, म्हणून एप्रन रुंद केला. किती, तर दोन फूट. मला हसू आलं. ते दोन फूट कुठंतरी द्यावेच लागणार होते. सेटिंगमध्ये फुकट मिळत होते, काँक्रीटमध्ये पैसे पडले.

शेवटी वेग आला २४.६, अंतर दोन फूट धरून. नऊ दिवस उशीर झाला. वर्षाच्या अप्रेझलमध्ये तो उशीर माझ्या नावावर लिहिला गेला. बाकी काही लिहिलं गेलं नाही, त्याबद्दल मी मॅडमची ऋणी आहे.

*

आमच्या गावच्या चौकाचाही एक नकाशा मी काढला. रात्री जागून, स्वतःच्या हौसेनं. मधे पूर्वीपेक्षा लहान पण आताच्यापेक्षा मोठा गोल, त्याभोवती ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी एप्रन, शिरताना वळण, चारी रस्त्यांवर मधली बेटं आणि गोलापासून एक गाडी मागं पायी ओलांडायची जागा. मोटरसायकलची रेघ मात्र काही केल्या पुरेशी वाकेना. अडीच फुटांच्या गाडीला वळायला लावायचं तर रस्ता इतका अरुंद होतो की बसच जात नाही. शेवटी मी ओलांडायच्या जागा उंच केल्या, म्हणजे दुचाकीला वळण नाही तर निदान चढ लागेल. पुस्तकातल्या सहा फूट रुंद गाडीवर आपलं जग चालत नाही, हे मला त्या नकाशानं शिकवलं. आमच्या देशात निम्म्याहून अधिक वाहनं दुचाकी असताना त्यांची रेघ आपण वेगळी काढतच नाही.

नकाशा घेऊन मी आणि अण्णा तिथल्या कार्यालयात गेलो. साहेबांनी चहा पाजला. नकाशा उलटासुलटा करून बघितला. चांगला आहे म्हणाले. मग म्हणाले, "पण मॅडम, आत्ताच तर गोल लहान केलाय. लोक म्हणतील, पुन्हा ट्रॅफिक जाम करता काय?" त्यांचं खोटं नव्हतं. मीच तेव्हा खूश झाले होते. नकाशा फाइलला लागला. चार महिन्यांनी चौकाच्या चार बाजूंना पाट्या लागल्या: वाहने सावकाश चालवा.

अण्णा पाटी वाचून म्हणाले, "अक्षर बरं काढलंय."

परवा गुरुवारी बाजार होता. आत्या म्हणाली, मला भाजीला यायचंय. ऑपरेशननंतर ती चौक ओलांडून गेलीच नव्हती. मी तिचा हात धरला. एका हातात काठी, एका हातात मी. डावीकडून गाड्या, उजवीकडून गाड्या आणि एक मोटरसायकल तर उलटी, चुकीच्या बाजूनं. अर्ध्यावर येऊन आम्ही अडकलो. समोरून ट्रॅक्टर, मागून वडाप. थांबायला जागा म्हणजे डांबरावरची पुसट पांढरी रेघ. आत्यानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

पलीकडं गेल्यावर ती दुकानाच्या पायरीवर बसली. दम खाल्ला. मग विचारलं, "तुझ्या त्या अमेरिकेच्या चौकात बायकांना मधे थांबायला जागा ठेवलीस का गं?"

"ठेवलीय आत्या. मधलं बेट असतं. आधी एका बाजूच्या गाड्या बघायच्या, बेटावर थांबायचं, मग दुसऱ्या बाजूच्या."

"किती मोठं?"

"सहा फूट."

आत्यानं काठी आडवी करून जमिनीवर धरली, अंदाज घ्यायला. काठी तीन फुटांची असेल. तिनं ती एकदा ठेवली, उचलली, पुढं पुन्हा ठेवली. दोन काठ्या. त्या दोन काठ्यांच्या जागेकडं ती थोडा वेळ बघत राहिली.

"पुष्कळ झालं की," ती म्हणाली. "पिशवीबी खाली ठेवता येईल."